घरची वाट सांग

निळेकर मास्तर फळा पुसायचे तो उजवीकडून डावीकडं. वीसेक वर्षं त्यांनी त्याच फळ्यावर फारशी लिहिली होती, आणि लिपी गेली तरी हाताचं वळण गेलं नाही. मुलं मागून हसायची. मास्तरांना ते कळायचं, पण मान वळवायचे नाहीत. पुसून झालं की शेरवानीच्या खिशातून रुमाल काढून बोटांवरचा खडू टिपायचे, रुमालाची पुन्हा चौकोनी घडी घालायचे आणि वर्गाकडं बघून म्हणायचे, "हां. बराबर?" काय बराबर, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी जालन्याच्या त्या शाळेत गणित शिकवायला आलो एक्कावन्न साली. मास्तर तेव्हा पन्नाशीला टेकलेले. उंच, किडकिडीत, चालताना एक खांदा वर. निजामाचं राज्य जाऊन तीन वर्षं होत आली होती, शाळेची भाषा उर्दूची मराठी झाली होती, आणि फारशी शिकणारा एकही मुलगा उरला नव्हता. मग त्यांना इतिहास दिला होता. तो ते शिकवायचे, पण दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यासारखे. शेरवानी मात्र त्यांनी सोडली नाही. एकदा कुणीतरी म्हणालं, "मास्तरसाब, आता कशाला ही?" तर म्हणाले, "दुसरी शिवायला टाकली की काढीन." शिवायला त्यांनी कधीच टाकली नाही.

पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. नववीत गेलेल्या मुलाला एक ऐच्छिक विषय घ्यावा लागे. साधं अंकगणित सगळ्यांनाच होतं. त्यावर वरचं गणित, शास्त्र, इतिहास, शेतकी, चित्रकला असे विषय, त्यांतला एक. फॉर्म भरून वरच्या कचेरीत गेला की मॅट्रिकपर्यंत तोच विषय, आणि त्यात नापास तर मॅट्रिक नापास. तेव्हा मॅट्रिक म्हणजे काय होतं हे आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. मॅट्रिक झालेला मुलगा तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, पोस्टात कारकून, काहीही होऊ शकायचा. न झालेला जिथं होता तिथंच राहायचा. तेव्हा त्या कागदाच्या एका ओळीत पोराचं सगळं आयुष्य यायचं म्हटलं तरी चालेल, आणि ती ओळ कुणी लिहायची तर निळेकर मास्तरांनी. शाळेनं त्यांना नेमलं नव्हतं. आईबापच त्यांच्याकडं यायचे.

जूनमध्ये शाळा उघडली की मागच्या अंगणात, लिंबाखाली, मास्तर सतरंजी टाकून बसायचे. समोर उतरतं मेज, त्यावर फॉर्म, एक दौत, एक टाक आणि एक पेन्सिल. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव एवढं मी भरायचं, विषयाची ओळ त्यांची. बाप आणि मुलगा येऊन बसले की ते बापाला पाणी द्यायचे, गप्प राहायला सांगायचे आणि मुलाला म्हणायचे, "घरची वाट सांग."

मुलं बावचळायची. "कशाची, सर?"

"इथून घरी कसा जातो तू, ते सांग. जल्दी न्हाई. आरामानं."

मग मुलगा सांगायला लागायचा आणि मास्तर डोळे मिटून ऐकायचे. कुणी सांगायचा, इथून पूल, पुलापासून डावीकडं, मंग तिसरी गल्ली. कुणी सांगायचा, कुणाच्या घराशेजारी कोण राहतं आणि त्यांचं भांडण कशावरून झालंय. कुणी झाडं सांगायचा. मास्तर ऐकून घ्यायचे आणि पेन्सिलीनं विषय लिहायचे. शाईनं नाही. म्हणायचे, "पेन्सिलीनं लिहिलंय. घरी जा, जेवा, झोपा. उद्या सकाळी या. तुमचं मन बदललं नसलं अन माझंही बदललं नसलं, तर शाई." हा एका दिवसाचा नेम त्यांनी एक वेळ सोडली तर कधी मोडला नाही. बाप कलेक्टर असता तरी मोडला नसता.

लालचंदजी म्हणून कापडाचे व्यापारी होते, राजस्थानातून पिढ्यांमागं आलेलं घर. त्यांच्या पोरानं वाट सांगितली ती अशी: आधी हिरवी पाटी, मग पिवळी पाटी, तिच्यातलं एक अक्षर वाकडं आहे, मग निळ्या रंगाचं दार, ते वरून विटलंय आणि खालून नाही. मास्तरांनी 'चित्रकला' लिहिलं. लालचंदजी उसळले. "मास्तरसाब, छोरा गादीवर बसनार हाये. चित्तर काढून काय करील?"

"गादीवर बसून काढील," मास्तर म्हणाले. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी लालचंदजी आले, तोंड वाकडं करून बसले, पण शाई झाली. तो मुलगा चांगला पास झाला, आणि दुकानात मांडणी अशी करायला लागला की बायका दुसऱ्या दुकानाची पायरी चढेनात. लालचंदजी मग दर दिवाळीला मास्तरांकडं मिठाई पाठवायचे.

एका वर्षी एक अगदी हडकुळा मुलगा आला. बरोबर मामा. वाट सांगता सांगता वडापाशी आला आणि थांबला. म्हणाला, "तिथून पुढं आम्ही जात न्हाई." अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत त्यांचं घर जळालं होतं, ते धर्मशाळेत राहत होते. मामा सांगायला लागला तर मास्तरांनी त्याला हातानंच थांबवलं. मुलाला म्हणाले, "आधीची सांग. होती तशी." मुलानं सांगितली. कुणाचं दार, कुणाचा ओटा, कोण तिथं बसायचं आणि काय बोलायचं, एकेक करून सगळं. मास्तरांनी 'इतिहास' लिहिलं, आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणालाही बसवून घेतलं नाही.

आता समोरच्या भिंतीचं सांगतो.

लिंबाच्या समोर, दहा-बारा पावलांवर, शाळेच्या कुंपणाची भिंत होती. मी पहिल्या वर्षी बघितलं, फॉर्मचे दिवस सुरू झाले की त्या भिंतीला टेकून एक पोरगा येऊन बसायचा. अठराएक वर्षांचा, नुकतं मिसरूड फुटलेला, खांदे हमालाचे. जवळ शेंगा असायच्या. तो शेंगा सोलायचा, खायचा, टरफलांचा नीट ढीग करायचा आणि मास्तरांकडं बघत बसायचा. बोलायचा नाही. सकाळी यायचा, शेवटचा बाप उठला की उठायचा. तो गेला की मास्तर स्वतः खराटा घेऊन ती टरफलं झाडायचे. शिपायाला हात लावू द्यायचे नाहीत.

दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षी तसंच. पोरगा भरत चालला होता, मिशी जाड होत होती, नजर मात्र तीच. मला ते सहन होईना. सापाकडं पाठ करून जेवायला बसल्यासारखं वाटायचं. मुख्याध्यापकांनी दोनदा शिपायाला पाठवलं त्याला हाकलायला, दोन्ही वेळा मास्तरांनी शिपायाला परत फिरवलं. मी एकदा म्हणालोच, "मास्तर, एखाद्या दिवशी हा काहीतरी करील."

"करू द्या," मास्तर म्हणाले. "त्याला हक हाये."

त्या संध्याकाळी कुंडलिका नदीच्या पुलावरून घरी जाताना त्यांनी आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"त्याचं नाव गणपत. अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये तो नववीत आल्ता. बाहेर काय चाललंय ते सगळ्यांना दिसून राह्यलं होतं, पाठक. पोरांनी मला विचारलं, कोणता विषय घ्यायचा. मी वर्गात उभा राहिलो अन सगळ्यांना मिळून सांगितलं, फारशी घ्या. म्हणालो, राज्य कुणाचंही येऊ द्या, दफ्तर बदलत न्हाई. आज्यापणज्यापासून बदललं न्हाई, आता काय बदलतंय. बिलकुल खरं वाटायचं मला ते. मोठ्या आवाजात सांगितलं. तीन महिन्यांत राज्यही गेलं अन दफ्तरही गेलं."

"मग मुलांचं?"

"ज्यांच्या घरी चार पैसे होते त्यांनी एक वर्ष सोडलं, विषय बदलला, पुढं गेले. गणपतच्या बापाला पोरगं वर्षभर घरी बसवणं जमण्यासारखं नव्हतं. त्यानं शाळा सोडवली. आता जिनिंगात कापसाच्या गठाणी उचलतो." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "तेव्हा मी कुणालाच वाट विचारली न्हाई. हे वाट विचारणं त्याच्यानंतरचं. अन ही पेन्सिलही."

"पण तो येतो कशाला?"

"बघायला. मी आता कसं सांगतो ते बघायला. अन येतो तेच बरं हाये. तो समोर न्हाई बसला तर मी पुन्हा मोठ्या आवाजात काहीही सांगीन."

मला हे तेव्हा फार थोर वाटलं. माणूस आपल्या चुकीला रोज समोर बसवून घेतो, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं. आता वाटतं, त्या भिंतीकडं मी जरा जास्त नीट बघायला हवं होतं.

छप्पन सालचा जून आला. मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात जाणार हे ठरल्यातच जमा होतं. कधी, ते कुणाला नक्की माहीत नव्हतं. त्याहून मोठा घोर म्हणजे नव्या राज्यात कोणते विषय चालतील? शाळेत रोज नवी बातमी यायची. कुणी म्हणायचं चित्रकला जाणार, कुणी म्हणायचं शेतकी तर नक्कीच जाणार, ती आपल्याकडं आत्ताच सुरू झालेली. फक्त गणित आणि शास्त्र यांना मरण नाही, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. आईबाप घाबरले होते. मास्तरांकडं यायचे आणि पुन्हा तोच सवाल करायचे, जो पोरांनी अठ्ठेचाळीसला केला होता. मास्तरांचं बोलणं त्या वर्षी कमी झालं. पेन्सिलीनं लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. भिंतीपाशी गणपत शेंगा सोलत असायचा.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी तो भिंतीपाशी बसला नाही. सरळ चालत सतरंजीकडं आला. सोबत पंधराएक वर्षांचा मुलगा, पायाला सुकलेला चिखल, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली.

"हा दिगंबर. माझा भाऊ," गणपत म्हणाला. पाच वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो शांत होता, त्यामुळंच मला बरा वाटला नाही. "पेरणी चालू व्हती, म्हणून येळ झाला. याला इषय सांगा, मास्तर. मला सांगितला व्हता तसा."

एवढं बोलून तो मागं वळला आणि भिंतीपाशी आपल्या जागेवर जाऊन बसला.

दिगंबर माझ्या आठवीच्या वर्गात होता. साधं अंकगणित त्याला कसंबसं जमायचं. अपूर्णांक आले की त्याच्या कपाळावर घाम यायचा. हे मला माहीत होतं. मास्तरांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "घरची वाट सांग."

दिगंबर आधी जमिनीकडं बघत बसला. मग बोलायला लागला. "इथून निघलं की पुलापस्तोर पांढरी माती हाये. पाय पडला की फुफाटा उडतो. नदी वलांडली की मुरूम. तिथं पाणी थांबत न्हाई, म्हणून तूर बरी येती. म्हसोबापाशी काळी लागते. ती पुरुषभर खोल हाये, उन्हाळ्यात भेग पडली की तिच्यात खडा टाकला तर पडल्याचा आवाज येत न्हाई. मंग पाटलाचं रान. ते चोपण झालंय. पाणी लै दिलं त्यांनी. तिथं पायाला गार लागतं अन काही उगवत न्हाई. त्याच्यात हिरवळीचं खत गाडलं तर चार वर्सात सुधरंल, पण कुणी ऐकत न्हाई माझं. तिथून पुढं आमचं रान. नांगरल्यालं असलं तर वास अलीकडूनच येतो."

मास्तरांनी डोळे उघडले. असं मी त्यांना क्वचित बघितलं होतं, हरखून गेलेलं. हा मुलगा शेतकीचा होता. मला कळलं, त्यांना कळलं, त्या लिंबालाही कळलं असेल. त्यांनी पेन्सिल उचलली.

मग त्यांची नजर समोर गेली.

गणपत शेंगा सोलत नव्हता. हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बघत होता. मास्तरांची पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच राहिली. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला लख्ख दिसत होतं. शेतकी लिहिली आणि नव्या राज्यानं ती काढून टाकली, तर एका घरातली दोन पोरं एकाच माणसाच्या शब्दानं बुडाली असती. गणित जाणार नव्हतं. गणित कुठल्याच राज्यात जात नाही.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. टाक उचलला, दौतीत बुडवला आणि विषयाच्या ओळीत लिहिलं, 'वरचं गणित'. शाईनं. शेवटचा दिवस होता हे खरं, पण फॉर्म न्यायला शिपाई संध्याकाळी यायचा होता, तोवर पेन्सिल चालली असती. त्यांना स्वतःवरच भरवसा नव्हता, म्हणून शाई.

मी गणिताचा मास्तर. या पोराला ते झेपणार नाही, हे त्या शाळेत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. पण मास्तरांच्या ओळीबद्दल बोलायची रीत नव्हती, आणि भिंतीपाशी तो बसला होता. मी टीपकागद उचलला आणि शाईवर दाबला.

"झालं?" गणपत उठून आला. त्याला वाचता येत होतं. त्यानं ओळ वाचली. "गणित. हां. हे राहील." मग तो जायला निघाला, आणि थबकला. "मास्तर, सगळ्यांना वाट इचारता तुम्ही. मला कधी इचारली न्हाई."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "सांग," ते म्हणाले.

गणपत उभ्यानंच सांगायला लागला. "फाटकापासून तारेचे खांब सुरू व्हतात. आमच्या फाट्यापस्तोर एकशे अठ्ठ्याहत्तर. शाळेत यायचो तवा एका खांबापासून दुसऱ्यापस्तोर नव्वद पावलं लागायची. आता सत्तर. म्हंजे तवा नऊ पावलांत जेवढा जायचो, तेवढा आता सातांत जातो. मंग मी आईची पावलं मोजली, बैलाची मोजली. बैलाचं अवघड हाये, चार पाय असतात. पण त्याची रीत काढली मी. आता कुणाचंही पाऊल सांगा, घरी पोचायला त्याला किती पावलं लागतील ते सांगतो. चुकत न्हाई."

शाळा शिकून सुटलेल्या कुणाला हे ऐकून हसू आलं असतं. मला नाही आलं. त्या शाळेत मी पाच वर्षं गणित शिकवत होतो आणि माझ्यापुढं असा मुलगा बसला नव्हता.

मास्तर फॉर्मकडं बघत होते. म्हणाले, "गणपत, हा तुझा विषय. मी तुझा विषय त्याला दिला."

"मंग बरंच झालं की."

"त्याचा शेतकी हाये. बदलू आपण. दुसरा फॉर्म मागतो."

मास्तर उठले आणि शेरवानी सावरत जवळजवळ पळतच मुख्याध्यापकांच्या खोलीकडं गेले. मी मागं गेलो. कोरा फॉर्म शिल्लक नव्हता. मोजून आले होते, मोजून भरले होते. "खाडाखोड केलेला फॉर्म वरून परत येतो, निळेकर," मुख्याध्यापक म्हणाले. "तोवर तारीख जाईल. पोराचं वर्ष घालवायचं का?"

मास्तर परत आले. गणपतला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "खाडाखोड करतो मी. वर्ष गेलं तर जाऊ दे. तू म्हण, लगेच करतो."

गणपतनं त्यांच्याकडं रोखून बघितलं. "वर्ष गेलं म्हणूनच मी गेल्तो, मास्तर. अन शेतकी राहील का? छातीवर हात ठेवून सांगा."

मास्तरांचा हात उठला, छातीपर्यंत गेला नाही. एकदा मोठ्या आवाजात सांगून बसलेला माणूस दुसऱ्यांदा सांगू शकला नाही. गणपतनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं फाटकातून गेले. त्या दिवशी झाडायला टरफल नव्हतं, तरी मास्तरांनी खराटा घेऊन भिंतीपाशी झाडलं.

त्या साली नवं राज्य आलं. शेतकी होती तशीच राहिली.

पुढची दोन वर्षं दिगंबर माझ्या वर्गात बसला. मी शिकवलं, शाळा सुटल्यावर थांबवून शिकवलं, एकदा कातावून छडीही मारली, ती अजून माझ्या हाताला लागते. घरी दिलेली उदाहरणं मात्र तो रोज करून आणायचा, आणि एकही चुकलेलं नसायचं. अक्षर त्याचं नव्हतं. जिनिंगातून सुटल्यावर गणपत भावाचं पुस्तक घेऊन बसायचा. आधी स्वतः शिकायचा, मग त्याला शिकवायचा. त्या वहीत मी न शिकवलेल्या रीती असायच्या, माझ्यापेक्षा सोप्या. मी त्या वहीवर 'बरोबर' अशी खूण करायचो आणि दिगंबर मान खाली घालून ती घेऊन जायचा. मास्तर कधीमधी माझ्याकडं यायचे, वही मागायचे आणि चाळून परत द्यायचे. फॉर्मच्या दिवसांत ते लिंबाखाली बसत राहिले, पण आता कुणाही मुलाला ते एकच सांगायचे, "तुमच्या मनाला काय वाटतं ते लिहा." आईबाप हिरमुसून जायचे. भिंतीपाशी कुणी बसत नव्हतं.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात मास्तर निवृत्त झाले. जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला. तेव्हा निकाल वर्तमानपत्रात यायचा आणि वर्तमानपत्र सकाळच्या गाडीनं स्टेशनवर यायचं. दिगंबर पहाटेच गावाहून निघून स्टेशनवर गेला. बाकी सगळ्या विषयांत तो पास होता, हे गुणपत्रिकेवरून नंतर कळलं. त्याचा नंबर छापलेला नव्हता.

दुपारी गणपत माझ्या दारात आला. "सर, दिगंबर इकडं आल्ता का?"

नव्हता आला. आम्ही स्टेशनवर गेलो, पुलाखाली बघितलं, म्हसोबापाशी बघितलं. कुणी सांगितलं मनमाडच्या गाडीत चढला, कुणी सांगितलं परभणीच्या. मास्तरही शोधायला आले, छत्री घेऊन, पार पाटलाच्या रानापर्यंत चालत. अंधार पडेपर्यंत तिघं फिरलो. दुसऱ्या दिवशी फिरलो, त्याच्या पुढच्या दिवशी फिरलो. आठव्या दिवशी गणपत माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "वाट तर पाठ हाये त्याला, सर. डोळे बांधून कुठंबी सोडला तरी पायाखालच्या मातीवरून घरी येईल तो. मंग येत कामून न्हाई?"

मास्तर ओट्याच्या खाली उभे होते. त्यांनी रुमाल काढला, घडी उलगडली आणि तो तसाच धरून राहिले.

शाळा उघडली. मुख्याध्यापकांनी फॉर्मचं काम माझ्याकडं दिलं, मी नको म्हणालो तरी दिलं. लिंबाखाली तीच सतरंजी टाकली, तेच मेज, दौत, टाक आणि पेन्सिल. पहिला बाप मुलाला घेऊन आला. मी त्याला पाणी दिलं, मान वर केली, आणि समोर बघितलं.

भिंतीपाशी निळेकर मास्तर बसले होते. शेरवानी घालून, पाठ भिंतीला टेकवून, समोर रुमाल पसरून. रुमालावर शेंगा होत्या.

मी उठून त्यांच्याकडं गेलो. "मास्तर, इकडं सतरंजीवर बसा ना."

"न्हाई, पाठक," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुम्ही सांगा. मी इथं बराबर हाये." मी परत फिरलो तेव्हा मागून म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ना, त्याला झेपणार न्हाई ते?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि एक शेंग सोलायला घेतली. मी जागेवर येऊन बसलो. पेन्सिल धरली. मुलगा माझ्या तोंडाकडं बघत होता. मी त्याला म्हणालो, "घरची वाट सांग."

संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत. शेवटचा बाप उठला तेव्हा ते उठले, रुमालाची चौकोनी घडी घातली आणि एक खांदा वर करून फाटकाबाहेर गेले. टरफलांचा ढीग नीट रचलेला होता. शिपाई खराटा घेऊन आला. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि झाडायला लागलो.